सेवानिवृत्तांचा लांबचा प्रवास : ठरवायचा कोणी आणि कसा

व्याख्यानमालेत प्रवासावर बोलावयाचे तर हिमालय हिंडून आलेला एखादा गृहस्थ बोलवावा. कामगार संघटनेतल्या माणसाला त्यातले काय कळते, असे कोणाच्या मनात आल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशी आणि मालकांच्या टेबलासमोर. मागणीपत्रे लिहिणे, वाटाघाटीला बसणे, करार झाला की तो सभासदांना समजावून सांगणे आणि जो निवृत्त होईल त्याचे फंडाचे व ग्रॅच्युइटीचे कागद भरून देणे, हे आमचे गेल्या तीस वर्षांचे काम आहे. या कागद भरण्याच्या कामातच प्रवासाचा विषय आमच्याकडे चालत आला.

सही झाली, कागद पाकिटात गेले, की माणूस लगेच उठत नाही. खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, आता दोघांनी जरा लांब फिरून यावं म्हणतो. गाडीनं. काय वाटते तुमाले?" पूर्वी हा प्रश्न वर्षातून एखादा विचारी. आता जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. रस्ते झाले, जावयाकडे किंवा मुलाकडे गाडी आली, शेजारचा कोणी जाऊन आला. आम्ही त्याला उलट एकच प्रश्न करतो : "घरी विचारलं काय?" बहुतेकांनी विचारलेले नसते. घरी नुसते सांगायचे असते, अशी त्यांची समजूत असते.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला लांबच्या रस्त्याची ओढ का वाटावी, हे कळायला फार लांब जावे लागत नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाताना समुद्रपूर तालुक्यात जाम लागते. तेथे रस्त्याच्या कडेला उभे राहिले तर जो रस्ता पायाखाली असतो तो एका टोकाला श्रीनगरला आणि दुसऱ्या टोकाला कन्याकुमारीला जातो. आज त्याचा क्रमांक 44 आहे आणि लांबी साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक. 2010 साली महामार्गांचे क्रमांक बदलले. त्यापूर्वी तो क्रमांक 7 होता आणि वाराणसीहून जबलपूर, नागपूर, हिंगणघाट असा कन्याकुमारीस जात असे. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला काशी डाव्या हाताला आणि कन्याकुमारी उजव्या हाताला, मध्ये फक्त चालत राहायचे, अशी ती सोय होती. शिवाय 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि 2025 च्या जूनमध्ये तो पार मुंबईपर्यंत पोहोचला. तोही आमच्याच जिल्ह्यातून जातो. इतके रस्ते दारावरून गेल्यावर माणसाला घरात बसवणे कठीणच.

उतारवयात घर सोडून निघण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. काशीयात्रेला निघणारा निरवानिरव करून, देणी फेडून, मुलांच्या हाती किल्ल्या देऊन निघे, कारण परत येण्याची खात्री नसे. स्मृतिकारांनी वानप्रस्थाचा नियमही घालून दिला; पण त्यात बायकोचे काय करायचे, या प्रश्नाला मनुस्मृतीने दोन पर्याय ठेवले आहेत : तिला मुलांच्या हवाली करावे किंवा सोबत न्यावे. कोणता पर्याय घ्यावा हे तिला विचारावे, असा तिसरा पर्याय आम्हांला तरी तेथे आढळला नाही. आमच्या जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे तर विनोबांचे आहे. 1951 च्या मार्चमध्ये ते पायी तेलंगणाकडे निघाले तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. पवनारला परत आले ते 1964 साली. पण विनोबा ब्रह्मचारी. त्यांना घरी विचारायचे कोणी नव्हते, ही त्यांची सोय आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे.

आता ज्या जोडप्यामुळे हा विषय आमच्या डोक्यात पक्का बसला त्यांच्याविषयी सांगतो. नावे सांगत नाही; आंजी (मोठी) लहान गाव नसले तरी तितके मोठेही नाही.

गृहस्थ एसटीचे निवृत्त चालक. वर्धा-आर्वी रस्ता त्यांना इतका पाठ की आंजीपासून खरांगण्यापर्यंत कुठे वळण येते ते डोळे मिटून सांगतील. ते आमच्या युनियनचे सभासद नव्हेत, पण जुने स्नेही. म्हणून निवृत्तीचे कागद आमच्याकडे घेऊन आले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर बाईही आल्या होत्या. येथे नेहमीचा प्रकार उलटा झाला. खुर्ची पुढे ओढली ती बाईंनी.

"भाऊ, यायले समजावून सांगा. तीस वर्षं यायनं लोकायले नेलं. मले कुठी नेलं?"

बाईंचे माहेर हिंगणघाटच्या बाजूचे, शेत अगदी हमरस्त्याला लागून. लहानपणी कापूस वेचताना त्या ट्रक मोजत. त्यांचे वडील सांगत की हा रस्ता काशीहून येतो आणि कन्याकुमारीला जातो. पुढे लग्न झाले, आंजीला आल्या, मुले, सासू-सासरे, दीड एकर शेत, चार शेळ्या. त्या रस्त्याचे दुसरे टोक पाहायचे राहून गेले. त्यांची मागणी एवढीच होती : जामहून उजवीकडे वळायचे आणि रस्ता संपेपर्यंत जायचे. रेल्वे नको, विमान नको. रस्त्यानेच.

गृहस्थ म्हणाले, "मी स्टिअरिंगले हात लावणार नाही. मले रस्ता दिसला का अजून क्लचचा पाय हलते. आता मले आंगणात बसू द्या."

आम्ही दोघांचे ऐकून घेतले. ज्याने आयुष्यभर रस्ता केला त्याला अंगण हवे आणि जिने आयुष्यभर अंगण झाडले तिला रस्ता हवा, यात चूक कोणाचीच नव्हती. शहाणे लोक अशा वेळी म्हणतात की नवराबायकोत एकाने ऐकावे. आम्ही संघटनेतले, आम्हांला हे पटत नाही. दहा सभासदांत बहुमत होते, तीन जणांतही होते. पण दोघांच्या संघटनेत बहुमत होऊच शकत नाही. तेथे एकतर करार होतो किंवा एकाची हुकूमशाही चालते. आम्ही त्यांना तारीख दिली. पुढच्या रविवारी आंजीला येतो, ओसरीवर बसू, म्हणून सांगितले.

वाटाघाटीतला आमचा एक अनुभव असा की पहिल्या बैठकीत सांगितलेले कारण सहसा खरे नसते. मालक म्हणतो माल खपत नाही. खरे कारण असते की भावाभावांत वाटणी चालली आहे. कामगार म्हणतो पाळी बदला. खरे कारण असते त्या पाळीचा मुकादम. म्हणून आम्ही ओसरीवर गेल्यावर प्रवासाचे नावच काढले नाही. पैसे किती आले आणि कोठे आहेत, एवढेच विचारले. गृहस्थ गप्प बसले. बाई त्यांच्याकडे पाहू लागल्या. त्यांना रक्कम ठाऊकच नव्हती. घरात दहा-बारा लाख आले असतील, असा त्यांचा अंदाज होता. आणि गृहस्थांना भीती ही होती की खरा आकडा सांगितला तर इतकी वर्षे गाडी चालवून एवढेच का, असे घरातून विचारले जाईल. 2021-22 च्या लांबलेल्या संपात पगार नव्हता. त्या महिन्यांची उसनवारी फेडण्यातच फंडाचा एक भाग गेला होता. हे त्यांनी घरी कधी नीट सांगितले नव्हते. क्लचच्या पायाचे दुखणे खरे होते. पण त्याच्या आड हा आकडा लपला होता.

येथे थोडा हिशेब सांगणे भाग आहे. कंटाळवाणा वाटला तरी वाचकांनी तो सोडू नये, कारण प्रवास पायाने होत असला तरी ठरतो तो आकड्याने.

ग्रॅच्युइटीचा नियम सोपा आहे. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला 26 ने भागावे, 15 ने गुणावे, आणि जितकी वर्षे नोकरी झाली तितक्या वर्षांनी गुणावे. समजा शेवटचा मूळ पगार व महागाई मिळून 26,000 आणि नोकरी 30 वर्षे. तर वर्षाला 15,000 याप्रमाणे साडेचार लाख रुपये होतात. हे उदाहरण आम्ही गणिताच्या सोयीसाठी घेतले आहे, पण साधारण कामगाराच्या वाट्याला याच मापाची रक्कम येते. ही रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली (पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यालाही ती खुली आहे, मात्र निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ठेवावी लागते), तर 2023 साली ठरलेल्या 8.2 टक्के दराने वर्षाला 36,900 रुपये व्याज येते. महिन्याला तीन हजारांच्या थोडे वर. त्याच्या जोडीला 1995 च्या योजनेचे निवृत्तिवेतन. त्याची किमान रक्कम 2014 साली 1,000 रुपये ठरली; त्याहून जास्त मिळणारेही पुष्कळ आहेत, पण आमच्या परिचयात त्यावर श्रीमंत झालेला कोणी नाही. आणि एक गोष्ट पुरुष मंडळी विसरतात, ती आम्ही मुद्दाम सांगतो : नवरा गेल्यावर विधवेला त्या निवृत्तिवेतनाच्या साधारण निम्मेच मिळते. म्हणजे आज जे पैसे प्रवासात खर्च होतील ते पुढे ज्याला कमी पडणार आहेत तो माणूस बहुधा बायकोच असतो. मग तिला न विचारता ते खर्चायचे कसे?

आता कन्याकुमारीचा खर्च. जामहून कन्याकुमारी सुमारे 1,700 किलोमीटर. आदिलाबाद, निर्मळ, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम, मदुरा, तिरुनेलवेली असा रस्ता. रोज अडीचशे किलोमीटर धरले तर जायला सात दिवस, यायला सात. मध्ये विसावा व आजूबाजूचे पाहणे धरून पंचवीस दिवस आणि चार हजार किलोमीटर. जावयाची जुनी गाडी न्यायची असे बाईंच्या मनात होते. आम्ही पाटीवर मांडले : पेट्रोल 26,000, टोल 3,000, बावीस रात्रींची खोली 26,400, जेवण-चहा 17,500, निघण्यापूर्वी गाडीची दुरुस्ती व टायर 12,000, अडीअडचणीला 15,000. बेरीज एक लाखाला शंभर कमी. एक लाख मुदलातून काढले तर वर्षाला 8,200 रुपये व्याज कमी येणार. म्हणजे महिन्याला 683 रुपये. आम्ही बाईंना म्हटले, हा प्रवास पंचवीस दिवसांत संपतो, पण त्याचा हप्ता पुढच्या प्रत्येक महिन्याला पडतो. तुमच्या घरात 683 रुपये म्हणजे काय?

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "महिन्याचं तेल अन् साखर," म्हणाल्या. आणि लगेच दुसरे वाक्य : "मंग गाडी नको. बशीनं जाऊ."

या एका वाक्याने गृहस्थांचाही अर्धा प्रश्न सुटला. स्टिअरिंगच राहिले नाही. बसने, टप्प्याटप्प्याने, साध्या लॉजमध्ये उतरून अठरा दिवसांचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तो 45,000 च्या आसपास आला. महिन्याला तीनशेच्या थोडे वर. आता हे सगळे आकडे त्या नवऱ्यानेही प्रथमच असे बायकोसमोर मांडलेले पाहिले. साडेचार लाख ऐकून ती रागावेल असे त्यास वाटले होते. ती म्हणाली, "इतके तरी राहिले का? मले वाटलं संपातच गेले." इतकी वर्षे एका घरात राहून दोघे एकमेकांच्या अंदाजावर संसार करीत होते.

येथे आमचाही एक गुन्हा कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मंडळींना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून एका यात्रा कंपनीत परस्पर पैसे भरले. चारधाम, तेरा दिवस. घरी येऊन सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला गुडघ्यांनी घाट चढवत नाही हे तुम्हांला ठाऊक नव्हतं, की आठवलं नाही?" पैसे परत मागायला गेलो तर कंपनीने निम्मेही दिले नाहीत. दुसऱ्यांची करारपत्रे बारकाईने वाचणाऱ्या आम्ही आमची पावती उलटून मागची अट वाचली नव्हती. पण पैशांपेक्षा तो प्रश्न आम्हांला अधिक लागला. दुसऱ्याच्या कारखान्यात कामगारांना न विचारता पाळी बदलली म्हणून घेराव घालणारे आम्ही, आणि घरात तेच केले.

असाच एक सभासद आर्वीकडचा, जिनिंगमधला फिटर. त्याने ग्रॅच्युइटीतून जुनी गाडी घेतली, बायकोला पुढे बसवून हिमाचलला निघाला, आणि बैतूलहून परत आला. बाईला गाडी लागते. चाळीस वर्षांच्या संसारात ती एसटीच्या खिडकीशीच का बसते, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. ती गाडी आता दारात उभी असते. त्यात कोंबड्या बसतात.

शरीराची बाजू डॉक्टर मंडळी आमच्यापेक्षा चांगली सांगतील, तरी पाहिलेले दोन शब्द. साठीच्या आसपास समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपले तर पुन्हा नीट दिसू लागायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. मोतिबिंदू असेल तर विचारूच नये. म्हणून दिवस मावळला की चाक थांबलेच पाहिजे, मग चालवणारा कोणीही असो. बसच्या प्रवाशालाही रात्रीचा प्रवास आम्ही सुचवणार नाही. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसे गेली. त्यांत वर्ध्याची माणसेही होती. ती आठवण आमच्या गावांतून अजून गेलेली नाही. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्यास पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो, तेव्हा दर दोन तासांनी उतरून चालावे. आणि चालकाचे वय पंचावन्नच्या पुढे असेल तर वाहन परवाना एका वेळी पाच वर्षांचाच मिळतो, वैद्यकीय दाखल्यासह. निघण्यापूर्वी त्याची तारीख पाहावी.

बायकांची एक अडचण मात्र कोणी जाहीर सभेत बोलत नाही, म्हणून बोलतो. वाटेत मोरी मिळेल की नाही या धास्तीने बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. आंजीच्या बाईंनीही हेच सांगितले, तेही आमच्या मंडळींना बाजूला नेऊन. उन्हात दिवसभर पाणी न पिता प्रवास केला तर लघवीची जळजळ व ताप तिसऱ्या दिवशी ठरलेला. पुरुष म्हणतो, तुला प्रवास झेपत नाही. तिला प्रवास झेपतो, तहान झेपत नाही. मोठे पेट्रोल पंप, बसस्थानके, जेवणाची नीट ठिकाणे पाहून थांबे आधीच ठरवले तर हे टळते. थांबे ठरवण्याचे काम म्हणून बाईकडे द्यावे.

आता सवलतींचे. एसटीत पंचाहत्तरीच्या वरच्यांना 2022 पासून राज्यात मोफत प्रवास आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धे तिकीट आणि 2023 च्या मार्चपासून सर्व स्त्रियांना अर्धे. निवृत्त एसटी कर्मचाऱ्याला पत्नीसह मोफत पास मिळतो; त्याच्या अटी आगारात विचाराव्यात. चार व सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही आहे. परंतु आमच्या सवलती राज्याची हद्द संपली की संपतात. पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आपण साधे तिकीट काढणारे प्रवासी. भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन 2025 च्या जानेवारीपासून देशातल्या कोणत्याही बँकेतून, कोणत्याही शाखेतून मिळू लागले आहे, त्यामुळे पहिल्या तारखेला घरी असलेच पाहिजे हे बंधन राहिले नाही. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान योजनेचे कार्ड (2024 च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट नाही) जवळ ठेवावे. ते परराज्यातल्या, योजनेत असलेल्या रुग्णालयांतही चालते.

जगात हे सर्वत्र चालले आहे. ऑस्ट्रेलियात निवृत्त जोडपी गाडीमागे चाकांची खोली जोडून देशाला वळसा घालायला निघतात. तो रस्ता साडेचौदा हजार किलोमीटरांचा आहे. पिकल्या केसांचे भटके असे त्यांना तिकडे कौतुकाने म्हणतात. आमच्या कामाचे उदाहरण मात्र कोचीचे. तेथे चहाचे दुकान चालवणारे विजयन व त्यांच्या पत्नी मोहना यांनी रोजच्या गल्ल्यातून बाजूला टाकलेल्या पैशांवर आणि कर्ज काढून, ते फेडून, पुन्हा काढून वीसहून अधिक देश पाहिले. विजयन 2021 च्या नोव्हेंबरात वारले. त्याआधी थोडेच दिवस दोघे रशिया पाहून आले होते. कर्ज काढून फिरावे असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण ते दुकान दोघांचे होते आणि गल्ला दोघांना दिसत होता, ही गोष्ट आम्ही त्यांच्या कथेतून घेतो. दुसरे उदाहरण जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांचे. त्यांनी 1977 पासून नर्मदेची परिक्रमा केली ती तुकड्यातुकड्यांनी. आज इतके चालायचे, घरी यायचे, पुढच्या सुट्टीत तेथूनच पुढे. पुढे त्यांच्या पत्नीही चालल्या. लांबचा रस्ता एका दमात संपवला तरच तो केला असे होत नाही.

याच वाटेने आम्ही आंजीच्या जोडप्याला प्रथम चाचणी सुचवली. चार दिवसांचा पास काढून ते माहूरला जाऊन आले. परत आल्यावर बाई हसत सांगत होत्या की गृहस्थ चालकाच्या मागच्याच बाकावर बसले आणि संपूर्ण घाटभर पायाने ब्रेक दाबत राहिले. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या हातात गाडी असताना कधी डोळा लावलेला नाही. मुक्कामी पोहोचेपर्यंत ते चालकापेक्षा जास्त थकले होते. हे आधी कळले म्हणून बरे. सेलमला कळले असते तर परतीचे वांधे होते. बाईंचेही एक कळले. दुसऱ्या रात्री त्यांना झोप आली नाही. शेळ्यांना सुनेने पाणी दाखवले असेल की नाही, हेच डोक्यात. नोकरदार निवृत्त होतो, बाईची नोकरी प्रवासातही चालूच असते. तिला रजा मिळायची असेल तर बदली माणूस लागतो, आणि तो शोधणे हे नवऱ्याचे काम आहे, असे आम्ही तेव्हाच कलम घातले.

करार आम्ही त्यांच्या नातवाच्या वहीत लिहिला. दोघांच्या सह्या आहेत. बाईंनी सही केली, अंगठा नाही. दिवसाला एकच बस, तीही उजेडातली. तिसऱ्या दिवशी पूर्ण विसावा. पैसे दोन ठिकाणी, अर्धे बाईंच्या कमरेच्या बटव्यात. दोघांपैकी कोणीही 'परत चला' म्हटले तर कारण न विचारता परतायचे, आणि मग वर्षभर त्यावरून टोमणा मारायचा नाही. हे शेवटचे कलम आमच्या मंडळींनी सुचवले. निघण्याचा काळ बाईंना दिवाळीनंतरचा हवा होता. पण ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळ मुलुखात पाऊस असतो, आणि इकडे कापूस वेचायचा असतो. म्हणून संक्रांतीनंतरची तारीख धरली आहे. ग्रॅच्युइटीतले 45,000 बाईंच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाकले आहेत. शेळ्यांसाठी गृहस्थांनी चुलतभावाला गाठले असून त्याने दिवसाला एक शेर दूध, एवढ्यावर मान्य केले आहे.

एक कलम तेवढे राहिले आहे. बाईंना पुढची खिडकी हवी, रस्ता समोरून दिसावा म्हणून. गृहस्थांना चालकाच्या मागे बसायचे नाही. आम्ही दोघांनी वेगळ्या बाकांवर बसावे असे सुचवले, ते दोघांनीही एकाच वेळी नाकारले.